अंगावर येणारा बँटम कोंबडा आणि आमचं एक वर्ष

बँटम म्हणजे बुटक्या कोंबड्या आणायच्या आधी मी भरपूर शोधलं, पण हाती लागले ते एकतर गोंडस फोटो नाहीतर विकणाऱ्यांचे नंबर. कोंबडा पायावर झेपावतोय, पोरगं परसात जायला घाबरतंय, शेजाऱ्यांनी अर्ज दिलाय, अशा वेळी माणसानं करायचं काय हे कुणी सांगेना. म्हणून आता वर्ष उलटल्यावर लिहायला बसलेय. लांबणार आहे, खर्च आणि तारखा मुद्दाम ठेवल्यात, ज्याला नकोत त्यानं त्या ओळी सोडाव्यात.

आम्ही कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला रो हाऊसमध्ये राहतो, मागं दहा बाय पंधराचं परस. ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्या चिरंजीवांनी (तेव्हा चौथीत) कुत्रा पाहिजे म्हणून घर डोक्यावर घेतलं. मी दिवसभर बँकेत, हे फिरतीवर, म्हणजे कुत्र्याचं सगळं आत्तींच्या (सासूबाईंच्या) गळ्यात पडणार. आत्ती भुदरगडातल्या, हयात गावठी कोंबड्या सांभाळण्यात गेलेली. म्हणल्या, "कुत्रं नगो, कोंबड्या आणा, मी बगतो." पण गावठी कोंबडी भिंत काय, वेळ पडली तर पत्र्यावर चढून बसते, आणि शेजारच्या काकांनी कुंड्यांत मिरच्या लावलेल्या. म्हणून बँटमचा विचार. अर्धा ते एक किलोची कोंबडी, दिवसाला मूठभर खाद्य, जागा कमी लागते. आत्तींना मोबाईलवर फोटो दाखवला तर म्हणल्या, "हिचा रस्सा केला तर वाटी तरी भरंल काय गं?"

एक गोष्ट आधीच सांगते, बँटम ही एक जात नाही. बऱ्याचशा जातींची बुटकी आवृत्ती असते आणि काही जाती मुळातच बुटक्या, आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा. इंग्लंडातली सेब्राइट दिसायला एकदम दागिना, प्रत्येक पिसाला काळी किनार, पण चपळ आणि बिचकणारी, हाताला लागत नाही. ओल्ड इंग्लिश गेम बँटम तर झुंजीच्या कोंबड्यांच्या रक्ताची, तिच्यातले नर एकमेकांना बघवत नाहीत. मलेशियाची सेरामा सगळ्यात छोटी, अर्ध्या किलोच्या आतली, छाती काढून चालते आणि माणसाळते. घरात लहान मूल असेल तर मला कोचीन बँटम आणि सिल्की ह्या दोनच पटल्या. दोन्ही जड चालीच्या, शांत, फारशा न उडणाऱ्या. फक्त लक्षात ठेवा, हे जे जातीचे स्वभाव लिहिलेले असतात ते कोंबड्यांना बरेचसे लागू पडतात, कोंबड्याचा भरवसा नाही.

खुराडं आधी करून घेतलं, पक्षी नंतर. सुताराची मजुरी, प्लाय, पत्रा आणि जाळी मिळून सहा हजार दोनशे. जाळी घेताना षटकोनी कोंबडी-जाळी घेऊ नका, ती कोंबडीला आत ठेवते पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या, महाग पडली तरी, आणि भिंतीच्या कडेनं ती वीतभर जमिनीत पुरा. खाली अंथरायला टिंबर मार्केटमधून रंध्याचा भुसा आणला, करवतीचा बारीक नको, तो नाकातोंडात जातो. बसायला दांडी ठेवताना उंच ठेवली नाही, गुडघ्याइतकीच, कारण ह्या जाती उड्या मारायला जड.

पक्षी मात्र लगेच आणले नाहीत. दिवाळीचे फटाके, मग विधानसभेच्या प्रचाराचे, मग २३ नोव्हेंबरला निकालाचे. नव्या जागेत आलेला पक्षी पहिले काही दिवस तसाच भेदरलेला असतो, त्यात माळा वाजल्या तर खाणं सोडतो. निकालाचा धुरळा बसल्यावर दुसऱ्या दिवशी, रविवारी, जयसिंगपूरच्या बाजूला एका पक्षीवाल्याकडं गेलो. दोन कोचीन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या), एक पांढरी सिल्की आणि एक कोचीन कोंबडा, सगळे चार महिन्यांच्या आसपासचे, साडेतीन हजारांत. चौकशीसाठी आधी एकदा जाऊन आलो होतो ते मुद्दाम भर दुपारी, आणि त्याला म्हणलं एक पक्षी धरून दाखवा. विकणारा पक्ष्याला धरायला परसभर पळवत असेल तर तिथनं निघायचं, असलं माझं मत आहे. ह्यानं खाली बसून दाणे टाकले आणि सिल्की पोटाखालून उचलली. डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या, शेपटीखाली घाण चिकटलेली नाही, पायाची खवलं उचकटलेली नाहीत, एवढं बघितलं. खोक्याला भोकं पाडून गाडीत मागच्या सीटवर, वर पंचा टाकून आणलं, अंधारात गप राहतात.

पहिला आठवडाभर कुणीही हात लावायचा नाही हे घरात बजावून ठेवलं होतं. नुसतं रोज त्याच वेळी स्टूल टाकून बसायचं, लक्ष्मीपुरीच्या धान्य ओळीतनं आणलेली कणी थोडी थोडी पायाशी टाकायची आणि मोबाईल बघत बसायचं. त्यांच्याकडं टक लावून बघायचं नाही. मग हळूहळू त्या पायावरनं चालायला लागतात.

उचलायला सुरुवात केली ती दिवेलागणीला. अंधार पडला की कोंबडीला जवळजवळ दिसत नाही, ती दांडीवर बसली की गोळा होते, पळापळ नाही, ओरडा नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हात वरनं न्यायचा नाही. वरनं येणारी सावली म्हणजे तिच्या लेखी घार. घार दिसली की कोंबड्या एक लांबट बारीक आवाज काढतात आणि जागेवर दबतात, मांजर आलं की कॉक-कॉक-कॉक असा तुटक गलका करतात, हे महिनाभरात आम्हालाही ओळखू यायला लागलं. माणूस वरनं वाकला की पहिलाच आवाज निघतो. म्हणून खाली बसायचं, तळहात समोरनं, छातीच्या खालच्या बाजूनं सरकवायचा, दोन्ही पाय बोटांच्या बेचक्यात घ्यायचे, दुसऱ्या हातानं पंख अंगाशी धरायचे आणि तिचं तोंड आपल्या काखेकडं वळवायचं. पिसं दिसतात भरपूर, आत मात्र अंग केवढंसं, छातीचं हाड बोटाला लागतं आणि त्याच्या आत जीव धडधडत असतो. दाबायचं नाही. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल (छाती-पोटामधला पडदा) नसतं, छातीचं हाड वरखाली करूनच ती श्वास घेते, छाती आवळली तर हातातल्या हातात गुदमरते. बाजारात पाय धरून उलट्या नेतात ते तर बघवतच नाही आता.

सिल्की सुरुवातीला फार दचकायची, साधी बादली ठेवली तरी. पक्षीवाल्याला फोन केला, तो म्हणला डोक्यावरचा झुबका बघा. डोळ्यांवर पिसं आलेली, बिचारीला दिसतच नव्हतं. डोळ्यांपुढची तेवढी पिसं बोथट कात्रीनं कातरली, तेव्हापासनं ती घरातली सगळ्यात शहाणी कोंबडी.

जानेवारीत दोन गोष्टी झाल्या. एक, एकविसाव्या पशुगणनेचे प्रगणक दारात आले. गाई-म्हशी-शेळ्या-कुत्रं विचारून झालं, मी कोंबड्या आहेत म्हणलं तर मोबाईलच्या ॲपमध्ये भरायला लागले आणि बघायलाच मागं आले. "ह्या पिल्लं की मोठ्या?" मोठ्या आहेत सांगितलं तरी विश्वास बसेना, मग आत्तींनी अंड्याचा पुरावा दाखवला, चाळीस ग्रॅमच्या आतलं एवढंसं. कागदपत्र काही मागितलं नाही, पुढच्या गणनेला आले तर घाबरू नका, खरा आकडा सांगा. दुसरी गोष्ट म्हणजे उदगीरला कावळे मेले आणि बर्ड फ्लू निघाला. माझ्या वडिलांचा लगेच फोन, काढून टाका म्हणून. उदगीर लांब आहे, पण भीती खोटी नव्हे, कारण रोग सापडला की एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या नष्ट करतात, पाळलेल्या असल्या तरी, आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात जाऊन केसपेपर काढला आणि विचारलं. डॉक्टरांनी साधं सांगितलं, खाद्य-पाणी छपराखाली ठेवा, कावळे-चिमण्यांची तोंडं त्यात लागता कामा नयेत, खुराड्याची चप्पल वेगळी, आणि एकदम दोन-चार पक्षी मेले तर पुरू नका, फेकू नका, आधी इथं कळवा. ती वेगळी चप्पल अजून आहे.

फेब्रुवारीत कोंबड्याला वयाचा वारा लागला. तोवर त्याचं नाव वस्ताद पडलेलं, आणि वजन असेल पाऊण किलो. आधी नुसतं लक्ष ठेवायचा. मग एक पंख जमिनीला घासत तिरका तिरका चालत यायचा, मानेची पिसं फुलवायची, खोटं खोटं जमिनीवर टोचायचं, आणि आपण पाठ फिरवली की पोटरीवर. ही चिन्हं ओळखायला शिका, हल्ला न सांगता कधीच येत नाही. मार्चमध्ये पोराच्या पोटरीवर कोंबड्याच्या पायाचा काटा बसला, रक्त आलं. रविवार होता, फॅमिली डॉक्टरांनी घरी बोलावलं, जखम साबणानं धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. रेबीजचं विचारलं तर हसले, तो सस्तन प्राण्यांचा रोग, कोंबड्यापासनं होत नाही. पण त्या दिवसापासनं पोरगं परसात जाईना, आणि कोंबड्या ज्याच्यासाठी आणल्या तोच खिडकीतनं बघत बसायचा. मला मनातनं फार वाईट वाटायचं.

सल्ले भरपूर आले. लाथ घाला, झाडूनं हाणा, पाण्याचा फवारा मारा. एवढ्याशा जिवाला लाथ घातली तर बरगडीच मोडेल, आणि दुसरं म्हणजे मारामारी त्याला कळते, तो ती भांडण समजतो आणि उद्या परत येतो. पळालं तर जिंकल्यासारखं वाटतं त्याला. आम्ही जे केलं ते असं. गमबूट घालायचे, म्हणजे आपण घाबरत नाही. तो आला की जागचं हलायचं नाही, मग सावकाश त्याच्याच दिशेनं चालायचं, त्याला बाजूला व्हावं लागेल असं. रोज संध्याकाळी वस्तादला खालनं उचलायचा, काखेत घेऊन अंगणात फिरायचं, अंड्याचा डबा काढायचा, पाणी भरायचं, आपली कामं करत राहायचं. धडपड थांबली, मान सैल पडली की मगच खाली ठेवायचं, धडपडताना सोडलं तर धडपडून सुटता येतं एवढंच तो शिकतो. आणि त्याला हातानं भरवायचं नाही. दाणे कोंबड्यांपुढं टाकायचे, त्यानं टुक-टुक करून त्यांना बोलवावं, ते त्याचं काम आहे, त्यात आपण पडू नये. आत्तींचा उपाय वेगळा, ज्या दिवशी लईच माजला त्या दिवशी "डालग्याखाली घाल तासभर, गप हुतंय बग." होत होता गप, खोटं कशाला सांगू.

एप्रिल संपेपर्यंत माझ्यावर यायचा थांबला. ह्यांच्यावर मे पर्यंत यायचा, कारण हे येता-जाता त्याला पायानं डिवचायचे. निळी बादली दिसली की अजून पिसं फुलवतो, त्याला इलाज नाही, आम्ही बादली बदलली. पोराला सुरुवातीला मी मागं उभी राहून फक्त अंधारात, फक्त कोंबड्या उचलू दिल्या. वस्तादला त्यानं उचललं ते शाळेला सुट्टी लागल्यावर, काट्याची टोकं मी कानशीनं बोथट केल्यावर. टोकच घासायचं, आत रक्तवाहिनी असते.

मधेच शेजारचं प्रकरण. उन्हाळ्यात सगळ्यांच्या खिडक्या उघड्या, आणि वस्ताद पहाटे साडेचारला सुरू. शेजाऱ्यांनी आधी तोंडी सांगितलं, मग महापालिकेत अर्ज दिला, ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता आहे असं लिहून. आरोग्य खात्याचे निरीक्षक आले, खुराडं बघितलं, वास आहे का बघितलं, विष्ठेचं काय करता विचारलं (नारळाच्या भुशाबरोबर कुजवून कुंड्यांना), आणि माझा लेखी जबाब घेतला. स्वच्छतेवर काही नाही, आवाजाचं आपसात मिटवा म्हणले. जबाबाची एक प्रत शिक्का मारून मागून घ्या, मी घेतली, परत कुणी आलं तर ती दाखवता येते. आरवणं बंद होत नाही. नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलंय की कोंबडा पहाटे उजेड बघून नाही, अंगातल्या घड्याळावर आरवतो, त्यामुळं काळा पडदा टाकून फक्त आवाज दबतो. रात्री वस्तादला हवा खेळणाऱ्या जाड लाकडी पेटीत, आतल्या खोलीच्या बाजूला ठेवतो आणि साडेसहाला बाहेर. शेजारच्या काकूंना दर आठवड्याला अंडी जातात. काका अजून बोलत नाहीत.

एप्रिलच्या शेवटी सिल्की खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. खुडूक कोंबडीचा स्वभाव रातोरात बदलतो, कालपर्यंत मांडीवर बसणारी आज फुगून गुरगुरते आणि हात फोडते. तो राग मनावर घ्यायचा नाही. कोचीनची सहा अंडी आत्तींनी रात्री तिच्याखाली सरकवली, आठवड्यानं मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघितली, एक पोकळ निघालं ते काढलं. दिवसातनं एकदा उठून खाते आणि जी काय घाण वास मारणारी शी करते, आजारी नाही, तसंच असतं. एकविसाव्या दिवशी चार पिल्लं. आणि २०२५ चा पाऊस मे महिन्यातच हजर! सिल्कीची पिसं कापसासारखी, पाणी निथळत नाही, सरळ कातडीपर्यंत भिजते, आणि कोचीनच्या पायावरच्या पिसांना चिखल. छपराला ताडपत्री वाढवून घेतली, नऊशे रुपये, आणि जून ते ऑगस्ट परसात मोकळं सोडणं जवळपास बंद. भुसा ओला झाला की त्याच दिवशी बदलायचा, ओल्यातच पिल्लांना रक्ताची हगवण लागते. राखेची घमेली आत ठेवली, अंघोळ तिच्यातच करतात, उवा होत नाहीत.

पिल्लांना सातव्या दिवसाच्या आत लासोटाचा, म्हणजे मानमोडी (राणीखेत) रोगाच्या लसीचा थेंब डोळ्यात. अडचण अशी की ह्या लसीची कुपी कमीत कमी शंभर डोसांची, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. चार पिल्लांसाठी कुपी फोडायला दवाखान्यात तयार नव्हते, तेही बरोबर आहे. मग मागच्या वस्तीतल्या कोंबड्यावाल्यांना गोळा केलं, एकाच सकाळी सगळ्यांनी आपापली पिल्लं टोपलीत आणली. कुपी बर्फातच ठेवायची, आम्ही आईस्क्रीमचा डबा वापरला.

चारांतले दोन नर निघाले. सप्टेंबरात दोघंही आरवायला लागले, घोगरे, तोंडात गुळणी धरल्यासारखे. पोराला सांगितलं होतं की तलंगांना हवं तेवढं खेळव, नरांना नको, कारण लहानपणी मांडीवर वाढलेला कोंबडा माणसाला भीतच नाही आणि पुढं तोच जास्त अंगावर येतो. तरी पाच माद्यांवर तीन कोंबडे म्हणजे माद्यांच्या पाठी उघड्या पडायला लागल्या, वस्तादचा तुरा रोज रक्ताळलेला. दोघं द्यायचे ठरलं, आणि वर्षभरातलं सगळ्यात अवघड काम हे निघालं. बरेच जण वजन विचारून फोन ठेवायचे. एकानं काटे किती लांब आहेत विचारलं, तेव्हा कळलं कशाला पाहिजेत ते. झुंज लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे म्हणल्यावर त्यानंच फोन कट केला.

शेवटी दसऱ्यानंतर पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला एका वाडीत, पंधरा-वीस गावठी कोंबड्या असलेल्या घरी दिले, फुकट, फक्त मी अधूनमधून बघायला येणार ह्या अटीवर. उचलायचं कसं ते तिथल्या वहिनींना दाखवलं, दिवेलागणीला, खालनं, तोंड काखेकडं. त्या ऐकून घेत होत्या, मग म्हणल्या, "ताई, आमच्यात कोंबडं उचलत्यात ते एकाच कामाला." मी गप. परवा जाऊन आले, दोघं आहेत, एक तर शेळीवर बसून फिरतो.

आता घरात वस्ताद आणि पाच माद्या. महिन्याला आठ-नऊ किलो खाद्य, चारशेच्या आत खर्च, अंडी खुडूक नसतील तेव्हा दिवसाला दोन-तीन. पुढची आर-टू-बी जानेवारीत द्यायची आहे, मानमोडीचीच लस, पंखाखाली टोचतात ती. कुपी परत शंभराची आहे, तेव्हा वस्तीतल्या लोकांची यादी आत्तींनी आत्ताच करायला घेतलीय.